दुहेरी तुटक रेषा

पालमला रेल्वे नाही. परभणी-परळी मार्गावर गंगाखेडला उतरायचं आणि लोह्याच्या दिशेची एसटी नाहीतर जीप धरायची. उसाचा हंगाम असला तर या रस्त्यावर घाई करून उपयोग नसतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर एकामागं एक कारखान्याकडे निघालेले असतात आणि त्यांच्यावरचं गाणं ते दिसायच्या आधी ऐकू येतं. जीपमध्ये शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "कोणाकडं जायलाव?" कोणाकडं नाही, तहसीलला, असं म्हटल्यावर त्यानं टोपी सारखी केली आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, "वाटंचं हाय का वाळूचं?"

मी दोन्हींसाठीच निघालो होतो. परभणीत महसुली प्रकरणं चालवणारा माझा एक वकील मित्र आहे. खून-मारामाऱ्यांचं मूळ खणत गेलं की दहापैकी पाचांत खाली एक वाट सापडते, असं तो म्हणतो. त्याचं हे गणित मी कधी तपासलं नाही. पण पालमला जाऊन बस, दिवसभर नुसता बस, असा त्याचा आग्रह होता.

परभणी जिल्ह्याचे तालुके नऊ, त्यांतला पालम पूर्वेकडच्या टोकाचा. त्याच्या पुढं लोहा लागतं आणि नांदेड जिल्हा सुरू होतो. तालुक्याला गोदावरीचा काठ आहे. शिवाय गळाटी आणि लेंडी या दोन लहान नद्या आहेत, ज्यांची नावं जिल्ह्याबाहेर कुणाला ठाऊक नसतात आणि पावसाळ्यात मात्र पेपरात येतात. लेंडीला पाणी आलं की पुयनी, आडगाव, तेलजापूर या बाजूच्या गावांचा पालमशी संबंध तुटतो. जमीन काळी, कापसा-सोयाबीनची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि आषाढात पायातली चप्पल परत न देणारा चिखल. या जमिनीत वर्षातले चार महिने कच्च्या वाटेवर कुठलंही चाक चालत नाही. राजस्थानातल्या माणसाला वाळूत गाडी रुतण्याची भीती असते. इथं ती चिखलात रुतते, आणि ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर नेला तर दोन्ही पोळ्यापर्यंत तिथंच.

तहसीलच्या व्हरांड्यात सकाळपासून माणसं होती. शेतरस्त्याच्या प्रकरणांची सुनावणी होती. पक्षकार बहुतेक एकाच आडनावाचे, एकाच मोटारसायकलवर आलेले वाटावेत इतके सारखे दिसणारे, आणि तरी एकमेकांकडे पाठ करून बसलेले. एक म्हातारी पदरात गुंडाळलेला सातबारा दर दहा मिनिटांनी उघडून बघत होती, जणू तेवढ्यात त्यावर काही उमटलं असेल. आत एका टेबलावर गावाचा नकाशा पसरला होता. घड्यांवर फाटलेला, मागून कापड लावलेला.

या नकाशावरच सगळं भांडण उभं असतं, म्हणून तो जरा नीट बघावा. मोठा रस्ता दोन सलग रेषांचा. गाडीवाट, म्हणजे जिथून बैलगाडी जायची ती वाट, दोन तुटक रेषांची. पायवाट एकाच तुटक रेषेची. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरायची आणि पायवाटेची सव्वाआठ. हे साडेसोळा आणि सव्वाआठ असले चमत्कारिक आकडे कुठून आले, याचं उत्तर मोजणीच्या साखळीत आहे. मुंबई इलाख्याच्या पद्धतीत साखळी तेहेतीस फुटांची. तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. मग अर्धी साखळी साडेसोळा फूट आणि पाव साखळी सव्वाआठ. म्हणजे आठ आण्यांची गाडीवाट आणि चार आण्यांची पायवाट. निजामाच्या राज्यात मराठवाड्याची मोजणी झाली तीही मुंबईच्याच धर्तीवर. परभणी 1948 च्या सप्टेंबरापर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, पुढं 1956 ला मुंबई राज्यात आलं, 1960 ला महाराष्ट्रात. सरकारं चार बदलली. तुटक रेषा तशीच राहिली.

कागदावर. शेतात काय झालं ते दुपारी दिसायचं होतं.

कायद्याचे दोन दरवाजे आहेत आणि शेतकरी हमखास चुकीच्या दारात उभा राहतो, असं मित्रानं मला आधीच सांगून ठेवलं होतं. पहिला दरवाजा म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 143. ज्याच्या शेताला वाटच नाही त्याला तहसीलदार दुसऱ्याच्या जमिनीच्या हद्दीवरून, म्हणजे बांधाबांधानं, नवी वाट देऊ शकतो. गरज किती, दुसरी वाट आहे का, शेजाऱ्याचं नुकसान कमीत कमी कसं होईल, एवढं त्यानं बघायचं. निकाल पटला नाही तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. दुसरा दरवाजा साठ वर्षांनी जुना आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906, कलम पाच. वाट होती, वहिवाट होती आणि कुणीतरी ती अडवली, तर अडथळा काढून घेण्याचा हुकूम याखाली मिळतो. अट एकच. अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा यायला हवा.

ही सहा महिन्यांची अट मी पुस्तकात वाचली होती, व्हरांड्यात तिचा अर्थ कळला. पन्नाशीतला एक शेतकरी आत गेला. पहिला प्रश्न आला, वाट कधी अडवली? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मागल्या सालच्या मिरगात." बाहेर उभ्या त्याच्या वकिलानं डोळे मिटले. मृगात वाट अडवली, शेजाऱ्यानं पेरणीच्या वेळी नांगर घातला, तेव्हा हा गप्प बसला, कारण चुलतभाऊ आहे, आज ना उद्या समजूत पडेल. मग गणपतीत थोरल्या मामांनी बैठक बसवली. दिवाळीत मामांनी पुन्हा सांगून बघितलं. सोयाबीन डोक्यावर वाहून काढलं. सोयरीक मोडू नये म्हणून जो थांबतो त्याची मुदत संपते, आणि जो पहिल्याच आठवड्यात तक्रार ठोकतो त्याचा दावा टिकतो. हा कायदा घाईखोराला बक्षीस देतो. माझं हे मत मी मित्राला सांगितलं तर त्यानं खांदे उडवले. मुदत नसती तर आजोबांच्या वाटेसाठी नातवांनी दावे लावले असते, म्हणाला. तेही खरंच.

दुपारी एका तरुण शेतकऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मी त्याच्या पाणंदीला गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. गोदावरीच्या बाजूचं गाव, एवढं पुरे. पाणंद तोंडाशी ऐसपैस होती, दोन्ही बाजूंना बाभळी, घाणेरी, निवडुंग. दोन-तीनशे पावलांवर बाभळी संपल्या आणि वाट आकसायला लागली. डाव्या हाताला तूर, उजव्या हाताला ऊस, आणि दोन्ही पिकं वाटेत वाकून बघत होती. आणखी पुढं ऊस इतका जवळ आला की मोटारसायकलची हँडलं पानांना घासायला लागली.

"हे असंच होत आलंय," तो म्हणाला. "कुणी एकदम खात न्हाई वाट. वखर वळवताना एक तास जास्तीचा घ्यायचा. औंदा एक, पुढल्या साली एक. ह्या बाजूनं ह्यो घेतो, त्या बाजूनं त्यो. मंग बाप मरतो, पोरं वाटण्या करतेत, आन् पोराला वाटतंय हे आपल्याच मालकीचं."

मी विचारलं, तुमच्या वडिलांनी किती घेतले? तो हसला. "दोन-चार तर घेतलेच असतील की."

वाद फक्त खाणाऱ्यांचा असता तर मोजणी आणून, हद्दीचे दगड रोवून मिटला असता. वाट खाल्ली जात होती त्याच काळात तिच्यावरून जाणारं वाहन वाढत होतं. बैलगाडीला सहा-सात फूट पुरत. अर्धी वाट खाल्ली तरी गाडी जायची, म्हणून कुणी बोललं नाही. मग ट्रॅक्टर आला. त्याच्यामागं ट्रॉली, पेरणीयंत्र, मळणीयंत्र, आणि आता सोयाबीन-गव्हासाठी हार्वेस्टर. दिग्रसचा बंधारा झाल्यापासून गोदाकाठच्या शिवारांत ऊस वाढला, आणि ऊस गाडीशिवाय शेतातून निघतच नाही. सोयाबीन निदान डोक्यावर आणता येतं, ऊस कसा आणणार? तोडणीची टोळी बांधावर येऊन बसली, वाट नाही म्हणून मुकादम पुढच्या फडावर गेला, आणि हातातोंडाशी आलेलं पीक तुऱ्याला येऊन वाळलं, अशा कहाण्या या एका दुपारी मी दोघांकडून ऐकल्या. त्यातल्या एकाला शेजाऱ्यानं वाट दिली होती. एका दिवसासाठी. किती पैसे घेतले ते त्यानं सांगितलं नाही, पण आकडा आठवून त्याचं तोंड कडू झालेलं दिसलं.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. 2021 च्या नोव्हेंबरात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीच्या पैशांतून मजबुतीकरण करायची. रोजगार हमीत मजुरी साठ आणि साहित्य चाळीस हे प्रमाण राखावं लागतं. आता काळ्या मातीतला रस्ता टिकायचा तर खोदाई, खडी, मुरूम आणि रोलर, म्हणजे साहित्य आणि यंत्रच जास्त. प्रमाण जमवताना दुसरीकडची मजुरीची कामं या कामाला टेकू म्हणून लावावी लागतात, आणि फायली फिरत राहतात. 2025 च्या मे महिन्यात महसूल विभागानं आणखी एक निर्णय काढला. शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि दिलेल्या रस्त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत घ्यावी. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. आजवर तहसीलदाराचा हुकूम फायलीत आणि जमीन सातबाऱ्यात, असा दोघांचा वेगळा संसार होता. शेत विकलं की नवा मालक म्हणायचा, मला कुठं सांगितलं होतं इथून वाट आहे म्हणून.

रुंदीचं मात्र अवघड आहे. चार मीटर म्हणजे तेरा फूट. ज्याचं शेत दोन एकर आणि लांबट आहे त्याच्या बांधालगतचे तेरा फूट गेले तर त्याचे काही गुंठे जातात आणि मोबदला काही मिळत नाही. दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे घ्यावे, असं म्हणायला सोपं. एका बाजूला विहीर असते, दुसऱ्या बाजूला कुणाची समाधी.

त्यात एकत्रीकरणाचा घोळ आहे. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. त्याखाली जुने सर्व्हे नंबर जाऊन गट आले. गट पाडताना नवा नकाशा झाला, आणि जुन्या नकाशावर असलेली तुटक रेषा नव्यावर कधी सरकलेली तर कधी गायबच. या तरुणाच्या प्रकरणात नेमकं तेच. जुन्या नकाशावर गाडीवाट आहे, गट नकाशावर ती मधेच थांबते. समोरचा पक्ष गट नकाशा घेऊन येतो आणि हा जुना. दोन्हींवर सरकारी शिक्का.

पाणंद संपली तिथं गायरान लागलं. माळ म्हणावा असा उतार, मध्ये दहा-बारा घरं, एक निळा झेंडा, एक बुद्धविहार, कडेनं पेरलेली ज्वारी. मराठवाड्यात गायरान हा शब्द काढला की आवाज आपोआप खाली येतो. 1953 पासून इथं भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, 1959 ला दादासाहेब गायकवाडांनी ते पेटवले, 1964-65 ला देशभर माणसं तुरुंगात गेली. सरकारनं 1991 ला निर्णय काढला की 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करावीत. तारीख आंबेडकर जयंतीची. पुढं 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं पंजाबच्या एका खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश सगळ्या राज्यांना दिला. 2022 ला मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या गायरानांवरची दोन लाखांहून जास्त अतिक्रमणं वर्षाअखेर हटवा म्हटलं आणि गावोगाव नोटिसा गेल्या. त्या नोटिसा इथल्या घरांनाही आल्या होत्या. अजून सगळे आहेत तिथंच आहेत.

घरासमोर शेंगा निवडत बसलेल्या बाईंना मी विचारलं, तुमच्या वाटेचं काय? त्यांनी हातातल्या सुपानंच पाणंद दाखवली. "आमच्या वाटेला कोण इचारतंय? आमची जागाच सरकारी, वाट बी सरकारी. पावसाळ्यात पोरं शाळंला जात न्हाईत, एवढंच." ज्या पाणंदीच्या दोन बाजूंचे सातबारे तहसीलच्या टेबलावर भांडत होते, तिच्या टोकाला राहणाऱ्या माणसांकडे सातबाराच नाही. कलम 143 मध्ये दावा लावायला आधी जमीन लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तरुण शेतकऱ्याबरोबर नदीकडे गेलो. गोदावरी इथं हिवाळ्यात भरलेली असते. दिग्रसच्या बंधाऱ्यात पाणी अडतं, आणि ते खाली नांदेडच्या विष्णुपुरीत सोडायचं की इथंच ठेवायचं यावरून दर दुष्काळात दोन जिल्ह्यांची तोंडं फिरतात. काठाला उतरणारी वाट चांगली बारा-चौदा फुटांची, दाबलेली, टायरांच्या खुणांची. गावातल्या पाणंदीपेक्षा शंभरपट बरी. आणि पाण्याच्या अलीकडे, दरडीच्या माथ्यावर, वाट आडवी कापलेली होती. पुरुषभर खोल चर, दोन्ही कडांना मातीचे ढिगारे.

वाळू नेणाऱ्या टिप्परांना पात्रात उतरता येऊ नये म्हणून महसूल खातं असे चर मारतं. नदीचं पात्र सरकारचं, वाळू सरकारची. ब्रासच्या भावानं ती विकली जाते, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. 2012 ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरांखालच्या घाटांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं आणि घाटांचे लिलाव रखडत गेले. 2023 ला राज्य सरकारनं सहाशे रुपये ब्रासनं वाळू डेपोतून द्यायचं धोरण आणलं. 2025 ला ते मोडून पुन्हा लिलावांकडे वळलं. या सगळ्या काळात घरं बांधणं काही थांबलं नव्हतं. मग वाळू रात्री निघते. पात्र भरलेलं असलं तर तराफ्यांवरून पाण्याखालची उपसतात. पथक येतं, तराफे जाळतं, ट्रॅक्टर पकडतं. पकडलेला ट्रॅक्टर सोडवायला लाखाचा दंड आणि वर वाळूच्या किमतीच्या पाचपट. तरी निघते.

चराच्या कडेला पाच-सहा जण जमले. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं.

"टिप्परवाले काय इथंच उतरतेत व्हय? ते तिकडून खाली जायलेत," एकानं वरच्या अंगाला बोट दाखवलं. तिथं काठालगतच्या एका शेतातून ताजी वाट पडली होती, हरभऱ्याच्या छाताडावरून. त्या शेतकऱ्याला रात्रीचे पैसे मिळतात. त्याच्या शेजाऱ्याला मिळत नाहीत, आणि त्याच्या बांधावरची माती मात्र दरडीबरोबर कोसळते. या शेजाऱ्यानं तक्रार केली. ती काय म्हणून? तर शेतात बेकायदा रस्ता केला म्हणून. जीपमधल्या म्हाताऱ्यानं वाट आणि वाळू वेगळी करून विचारली होती. इथं ती वेगळी राहिलेली नव्हती.

चराचा त्रास कुणाला, याची यादी मात्र लांबत गेली. पाण्यातली मोटार. बंधाऱ्याचं पाणी वरखाली झालं की पंप हलवावा लागतो, आणि दहा अश्वशक्तीची मोटार माणसं खांद्यावर नेत नाहीत, तिला गाडी लागते. म्हशी. भोयांची जाळी. दहाव्याला येणारी माणसं, कारण पिंडाला कावळा इथल्याच काठावर शिवायचा असतो. गेल्या सप्टेंबरात पूर आला तेव्हा मोटारी काढायला धावलेल्यांना हा चर आडवा आला, असंही एकानं रागानं सांगितलं. सप्टेंबर 2025 चा तो पूर मराठवाडा विसरणार नाही. जे खातं पालमच्या टेबलावर बंद वाट उघडायचा हुकूम लिहितं, त्याच खात्याचा जेसीबी इथं उघडी वाट बंद करतो. दोन्हींमागं कायदा आहे. पण एका बाजूला सुनावणी होते, पंचनामा होतो, शेजाऱ्याचं म्हणणं घेतात. दुसऱ्या बाजूला रात्री यंत्र येतं आणि खणून जातं. नदीच्या वाटेची वहिवाट कुणी विचारलीच नाही.

मला अमेरिकेतल्या युटाची आठवण झाली. ते वाळवंटी राज्य, बहुतेक जमीन केंद्र सरकारची. 1866 च्या खाणींच्या कायद्यात एक ओळ होती की सरकारी मोकळ्या जमिनीवरून लोकांना रस्ते करता येतील. 1976 ला ती ओळ रद्द झाली, पण तोवर पडलेल्या रस्त्यांचा हक्क राहिला. झालं. कोरड्या ओढ्यातून गेलेली जीपची चाकोरी रस्ता आहे का, यावर खटले उभे राहिले. दहा वर्षांची अखंड वहिवाट दाखवा, अशी तिथली अट. 2012 ला युटानं बारा हजारांहून जास्त वाटांवर दावा सांगितला, आणि जुन्या गुराख्यांच्या साक्षी ते जिवंत आहेत तोवर नोंदवून घ्यायची धांदल उडाली. 1996 ला क्लिंटननी ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक केला, तिथं वाहनबंदीच्या पाट्या लागल्या, आणि 2003 ला केन काउंटीच्या अधिकाऱ्यांनी केंद्र सरकारच्या त्या पाट्या सरळ उखडून परत पाठवल्या. तिथं एका बाजूला रान अबाधित राहावं म्हणणारे, दुसऱ्या बाजूला जीप, गुरं आणि तेल. वाद आपल्यापेक्षा श्रीमंत आहे, पण पुरावा तोच. मी पोर असताना इथून गाडी जायची, असं सांगणारा म्हातारा. आदल्या दिवशी पालमला ऐंशीच्या पुढचा एक साक्षीदार हेच शब्द बोलून गेला होता. युटात त्याची साक्ष रेकॉर्ड करायला वकिलांची फौज गेली असती. इथं त्याला पुढची तारीख मिळाली.

काठावरच्यांपैकी एक जण नाव चालवणारा निघाला. त्यानं मला जांभूळबेट दाखवायचं कबूल केलं. गोदावरीच्या पात्रातलं हे बेट पालम तालुक्याची खरी दौलत आहे. जांभळाची दाट झाडी, मोर, मारुतीचं देऊळ, चहूबाजूंनी संथ पाणी. पर्यटनस्थळ करायच्या घोषणा होत असतात. मला त्या फारशा व्हाव्यात असं वाटत नाही, कारण घोषणा झाली की पहिली मागणी वाहनतळाची असते. नावाड्याचं दुःख वेगळं होतं. बेटाचे काठ तुटतात, असं तो म्हणत होता, आणि वल्ह्यानं मुळं उघडी पडलेली झाडं दाखवत होता. पुरानं तुटतात की आसपासची वाळू निघाल्यानं, हे मी विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. त्याचा एक भाऊ तराफ्यावर असतो, हे नंतर दुसऱ्याकडून कळलं.

परत काठाला आल्यावर मी माझी युक्ती मांडली. शहरी माणसाला युक्ती सुचतेच. चर बुजवा, आणि त्या जागी दोन खांबांवर एक आडवा लोखंडी गर्डर टाका, बैलगाडी आणि लहान ट्रॅक्टर खालून जाईल, टिप्पर जाणार नाही. कुंपण नको, पहारा नको. पुलांवर, भुयारी रस्त्यांवर असतो तसा.

मंडळींनी विचार केला. मनापासून केला, हे कबूल करायला हवं. एक म्हणाला की उंची किती ठेवायची ते मोटारवाल्यांना विचारा. दुसरा म्हणाला, उसाचा ट्रॅक्टर भरून वर येताना अडकंल, त्याला फाटक ठेवा बाजूला. मग फाटकाची चावी कुणाकडं, असा प्रश्न निघाला. सरपंचाकडं नको, यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं. कोतवालाकडं? तो पालमला राहतो. तलाठ्याकडं, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं? त्याच्याकडं तीन गावं. पोलीस पाटलाचं नाव कुणीतरी घेतलं आणि कुणीतरी खाकरलं.

तरुण शेतकरी इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "सायब, चावीचं मंग बघू. आधी त्यो खांब रोवायचा कुठं ते सांगा. ही वाट नकाशावर हाय का?"

त्यानं मोबाइलमध्ये जुन्या नकाशाचा फोटो काढून ठेवला होता. सगळे त्यावर वाकले. गावठाण सापडलं, मारुती सापडला, ओढा सापडला. नदीकडे जाणारी रेषा होती, आणि ती एकेरी होती की दुहेरी यावर तिथंच वाद सुरू झाला.